चांदणी पडलेला चंबू

तो पहिल्यांदा माझ्या तळघरात आला तेव्हा बाहेर ऑक्टोबरचा चिवट पाऊस लागला होता. त्याचा कोट निथळत होता, आणि कोटाच्या आत, मांजराचं पिल्लू धरावं तसं, त्यानं काहीतरी छातीशी धरलं होतं.

“धुतलंय का?” मी मान वर न करता विचारलं. ज्योतीवर नळी फिरवत असताना मी कुणासाठीच मान वर करत नसे.

“आत्ताच. पावसात.”

तेव्हा मात्र मी वळले. लाल झालेले कान, कपाळाला चिकटलेले केस, आणि डोळ्यांवर असायला हवा तो प्रयोगशाळेतला जाड चष्मा केसांवर चढवलेला. डोळे तर… जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

“पावसानं धुतलेली काच मी ज्योतीवर धरत नाही, डॉक्टरसाहेब. दारावरची पाटी वाचली नाहीत का?”

“वाचली की. ‘न धुतलेली काच आणणाऱ्यानं कॉफी मागू नये.’ मी कुठे कॉफी मागितली, फ्रॉयलाइन थॉमेन?”

“माझं नाव कुणी सांगितलं?”

“पाटीखालीच तर लिहिलंय.”

मी हसू दाबलं. पण ज्योतीजवळच्या माणसाचा चेहरा उजेडात असतो, त्यामुळे ते त्याला दिसलंच असणार.

वर्ष एकोणीसशे चौऱ्याहत्तर. बाझेलच्या रसायनशाळेत मी काच फुंकायचं काम करत होते. मार्लिस थॉमेन, वय सव्वीस. जुने मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची जागा मला मिळाली, तेव्हा वरच्या मजल्यावरचे पुरुष म्हणाले होते की बाईच्या छातीत तेवढा दम नसतो. वर्षभरात तेच सगळे फुटके चंबू घेऊन माझ्या दारात उभे राहायला लागले आणि माझ्या दमाचा विषय आपोआप मिटला. हा नवा आलेला होता फ्लुरिन काडुफ. तिशीचा, डोंगरातल्या एका खेड्यातला, आईचा एकुलता एक.

त्यानंतर तो फारच वेळा यायला लागला. सोमवारी नळी, गुरुवारी कंडेन्सर, पुन्हा सोमवारी नळी. चौथ्या खेपेला मी तुकडे खिडकीपाशी नेऊन नीट पाहिले.

“ही पडून फुटलेली नाही.”

“मग?”

“मोडलीय. गुडघ्यावर धरून, दोन्ही हातांनी. सरपण मोडतात तशी.”

त्याचे कान आणखी लाल झाले. “आमच्याकडे सरपण असंच मोडतात,” तो पुटपुटला.

“मग ते तिकडेच मोडा. आणि पुढच्या वेळी सरळ कॉफी मागा, म्हणजे माझी काच तरी वाचेल.”

पुढच्या वेळी त्यानं कॉफी मागितली. बरोबर आईनं पाठवलेला अक्रोडाचा केक होता, एवढा घट्ट की माझी सुरी वाकली. मी म्हटलं, “हा कापायला माझी हिऱ्याची पाती लागतील.” तो म्हणाला, “मी तर ह्याच्यावरच वाढलो. म्हणून तर एवढा चिवट झालोय!”

चिवट तो होताच. त्याच्या गावच्या जंगलात झाडांना दाढीसारखं एक दगडफूल लोंबतं. जुने गुराखी ते उकळून पीत. त्यातून कुणीतरी एक पदार्थ वेगळा काढला होता. उंदरांच्या गाठी त्यानं विरघळत होत्या, पण किलोभर दगडफुलातून तो मिळायचा मोहरीएवढा. साऱ्या जगाला तो बाटलीत, हातानं बनवून हवा होता. वरच्या मजल्यावर सगळे त्या पदार्थाला ‘म्हातारा’ म्हणत. हा म्हातारा बनवण्यासाठी फ्लुरिन चार वर्षं झगडत होता, आधी दुसरीकडे आणि आता इथे. एकतीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर निम्मं वाया.

“म्हणजे बघा,” तो मला एकदा नदीवरच्या नावेत सांगत होता, “शंभर लिटर दुधाचं शेवटी बोटभर चीज. त्यातलंही अर्धं भांड्याला चिकटलेलं.”

“आणि ते चीज खाणार कोण?”

“पहिला तुकडा तुम्हाला.”

दुपारच्या सुट्टीत आम्ही नावेतून ऱ्हाइन नदी ओलांडून पलीकडे जायचो. आमच्या नावेला इंजिन नसतं. वर ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते आणि नदीच तिला ह्या काठावरून त्या काठाला ढकलते. सुकाणूवर रुएडी नावाचा अबोल नावाडी असायचा. पटत नसलेलं काही कुणी सांगायला लागलं की बाझेलचा माणूस म्हणतो, “जा, ते नावाड्याला सांग.” फ्लुरिन बाहेरचा, त्याला ही टोमणेबाजी भलतीच आवडली. मी काही बोलले की तो रुएडीकडे बोट दाखवायचा, “मला नाही, त्यांना सांगा!” रुएडी नुसता मान हलवायचा.

डिसेंबरातल्या एका दुपारी धुकं एवढं दाट होतं की दोन्ही काठ दिसत नव्हते. आमच्याकडे ‘तू’ म्हणायची परवानगी बाईनं द्यायची असते. मी पिशवीतून दोन छोटे पेले काढले. मीच फुंकलेले. एक किंचित वाकडा.

“हे काय?”

“वाइन. आणि… मी मार्लिस.”

तो काही क्षण माझ्याकडे पाहतच राहिला. त्याचे डोळे राखाडी होते, थंडीत पाणी यायचं त्यांना, आणि पाणी आलं की त्यात हिरवं दिसायचं. एवढं मी कुणाच्याच डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. “मी फ्लुरिन,” तो म्हणाला, आणि रीतीप्रमाणे गालावर तीनदा ओठ टेकवले. चौथ्यांदा टेकवले तेव्हा रीत मोडली होती. रुएडी पाण्याकडे बघत राहिला.

“वाकडा पेला मला दिलास?”

“वाकड्या माणसाला वाकडाच.”

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. गोल बुडाचा चंबू टेबलावर उभा राहत नाही, म्हणून तो बुचाच्या कड्यावर ठेवतात. बाकीचे लोक आत काय आहे त्याची चिठ्ठी दोऱ्यानं चंबूच्या गळ्यात बांधत. फ्लुरिन ती कड्यावर चिकटवायचा.

“चंबू उचलला की नाव खालीच राहतं, कळत नाही का तुला?”

“माझे चंबू माझ्याशिवाय उचलतं कोण?”

“आणि हा चष्मा? तो काय केस राखायला आहे?”

“लग्नाआधीच एवढं रागावतेस…” तो म्हणाला आणि जीभ चावली. मी काच पुसत राहिले. पुसून झालेली काच.

मग जानेवारीत एकदा माझे हात हातात घेऊन तो म्हणाला, “मार्चअखेर माझा करार संपतोय. त्याआधी म्हातारा झाला तर इथे कायमची जागा. अमेरिकेतले लोक मागावर आहेत, पण मी दोन पायऱ्या पुढे आहे. म्हातारा झाला की तुला एक विचारायचंय.”

“आत्ताच विचार ना.”

“नाही. रिकाम्या हातानं नाही विचारायचं मला.”

डोंगरातल्या माणसाचा हट्ट! मी म्हटलं, बरं बाबा. आणि त्या दिवसापासून त्याच्याइतकीच मीही म्हाताऱ्याची वाट पाहायला लागले.

फेब्रुवारीतला तो बुधवार होता. दुपारचे तीन. त्याला हवी असलेली बारीक नळी तयार झाली म्हणून मी स्वतःच ती घेऊन वर गेले. तो नव्हता. तिसाव्या पायरीचा कणभर माल घेऊन तपासणीसाठी पलीकडच्या इमारतीत गेला होता. हे मला नंतर कळलं. टेबलावर कड्यावर एक छोटा चंबू होता, स्वच्छ, रिकामा. खिडकीतून ऊन येत होतं. आणि त्या उन्हात चंबूच्या बुडाशी मला चांदणी दिसली.

आम्ही काचवाले त्याला चांदणी म्हणतो. बुडाला बसलेला बारीक तडा, पाच-सहा टोकांचा, नखाएवढा. दिसायला देखणी. पण असा चंबू पंपाला लावला आणि आतली हवा ओढली, की तो आतल्या आत फुटतो आणि तुकडे तोंडावर येतात. मला एकदम केसांवर चढवलेला तो चष्मा आठवला. ते राखाडी डोळे आठवले.

मी चंबू उचलला. तो यायच्या आत दुरुस्त करून परत ठेवू, कळणारसुद्धा नाही त्याला, असं वाटलं. खाली नेला, नियमाप्रमाणे दोनदा अ‍ॅसिटोननं धुतला, ते टाकाऊच्या डब्यात ओतलं, चांदणी ज्योतीवर वितळवून बुजवली आणि चंबू भट्टीत ठेवला. गाणं गुणगुणत होते मी. ज्या कड्यावरून चंबू उचलला त्या कड्याकडे मी पाहिलंच नाही. मी! चिठ्ठीवरून रोज त्याच्याशी भांडणारी!

पाच वाजता वर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, धावपळ ऐकू आली. मग तो जिना उतरून आला. चेहरा चुन्यासारखा.

“मार्लिस, तिसावी गेली. चौदा मिलिग्रॅम. आलेख अगदी बरोबर आला होता गं… परत येऊन बघतो तर कड्यावर चंबूच नाही.”

“पण… चंबू तर रिकामा…” माझ्या तोंडून निघून गेलं.

“रिकामा दिसतोच तो. चौदा मिलिग्रॅम म्हणजे काय, काचेला वार्निशसारखा चिकटलेला, डोळ्यांना दिसत नाही.” तो स्टुलावर बसला आणि डोकं हातांत धरलं. “मीच धुतला असणार. चार रात्री झोप नाही. जाता जाता सवयीनं धुऊन रॅकवर टाकला असणार. मीच!”

माझ्या पाठीमागे भट्टी गरम होती. तीन पावलांवर. तोंड उघडलं मी, देवाशप्पथ उघडलं. पण त्याच्याकडे पाहिलं आणि वाटलं, आत्ता सांगितलं तर हा मला कधीच काही विचारणार नाही. माल तर गेलाच आहे. आता सांगून काय परत येणार? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नुसता हात ठेवला.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. तो जेवेना, बोलेना. “स्वतःचं आयुष्य स्वतः धुऊन टाकणाऱ्यानं गुरं राखावीत,” असं म्हणायचा. शनिवारी, रविवारी मी घरात येरझाऱ्या घातल्या. माझ्या पापाचं ओझं तो वाहत होता आणि मी त्याला सूप नेऊन देत होते. किती हलकट बाई असावी एखादी! सोमवारी दुपारी मी त्याला ओढून नावेवर नेलं. पाऊस भुरभुरत होता, नावेत आम्ही दोघं आणि सुकाणूवर रुएडी.

“फ्लुरिन… तो चंबू तू धुतला नाहीस. मी धुतला.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसला.

“हे नावाड्याला सांग.”

“खरंच सांगतेय.”

“कळतं मला. माझ्यासाठी अंगावर घेतेयस तू.” त्यानं माझं ओलं बोट आपल्या हातात घेतलं. “चांगली आहेस गं. फार चांगली आहेस. जागा गेली तर जाऊ दे, मी आता आजच…”

तो विचारणार होता. रिकाम्या हातानं विचारणार होता. मी गप्प बसले असते तर त्यानं तिथेच, नदीच्या मधोमध विचारलं असतं, आणि जन्मभर त्याला काही कळलं नसतं. पण मग जन्मभर तो मला चांगली म्हणत राहिला असता. रोज सकाळी, कॉफी पिताना. ते मला झेपलं नसतं.

मी पिशवीतून चंबू काढून त्याच्या हातात ठेवला.

त्यानं तो ओळखला. बुडावरून अंगठा फिरवला. जिथे चांदणी होती तिथे आता काच किंचित जाड होती.

“चांदणी होती,” मी म्हटलं. “पंपावर फुटला असता.”

“तुकडे धुऊन काढलं असतं मी.”

“आणि डोळे? तू चष्मा घालत नाहीस! तुझे डोळे गेले असते, फ्लुरिन. मला तुझी कायमची जागा नको, म्हातारा नको, मला ते डोळे हवे होते! मी प्रेम करते तुझ्यावर, म्हणून उचलला मी तो, कळलं?”

किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य, आणि म्हणायची वेळ ही अशी आली. तो ऐकत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या खांद्याशी त्याचा हात आलासुद्धा. आणि मग, मधेच काहीतरी सुचल्यासारखा तो थांबला.

“कशानं धुतलास?”

“अ‍ॅसिटोननं.”

“ते ओतलंस कुठे?”

“टाकाऊच्या डब्यात.”

“अगं, मग गेलं कुठे ते? डब्यातच असेल! महिना लागेल, पण काढता येईल. सगळं नाही, निम्मं तरी. डबा कुठाय, मार्लिस?”

मी काचेची माणूस. टाकाऊतून माल परत काढता येतो हे मला कसं ठाऊक असणार? पण त्याच्या तोंडाकडे बघता बघता मला कळलं, आणि पायांखालची नाव निसटल्यासारखं झालं.

“गाडी आली होती… डबे घेऊन गेली.”

“कधी?”

“शुक्रवारी.”

“शुक्रवारी,” तो म्हणाला. “बुधवारी धुतलास. आणि आज सोमवार.”

पाऊस पडत होता. रुएडीनं सुकाणू वळवलं, नाव पलीकडच्या धक्क्याला लागली. फ्लुरिननं चंबू कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, बटण लावलं आणि उठला.

“तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं, फ्रॉयलाइन थॉमेन.”

तो उतरून चालता झाला. मी नावेतच बसून राहिले. रुएडीनं मला तशीच परत आणली, तिकीट मागितलं नाही, आणि नावेतलं जाड घोंगडं माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

मार्चअखेर फ्लुरिनचा करार संपला. मे महिन्यात अमेरिकेतल्या लोकांचा म्हातारा झाला, मासिकात छापून आला. वरच्या मजल्यावर कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोललं नाही. तोवर फ्लुरिन दूर उत्तरेला, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला निघून गेला होता. निरोप घ्यायला तळघरात आला नाही. सगळे दिवस मी दाराकडे पाठ करूनच बसत असे, म्हणजे तो आलाच नाही हे दिसायला नको.

मी काही जोगीण होऊन बसले नाही. चार वर्षांनी मी रुएडीशी लग्न केलं. त्याला माझ्याबद्दल काहीच सांगावं लागलं नाही, सगळं त्याच्यासमोरच घडलं होतं. भला माणूस आहे. आम्हाला एक मुलगी आहे, तिची दोन पोरं आहेत. मी सुखी आहे का असं कुणी विचारलं तर हो म्हणते, आणि ते खोटं नसतं. फक्त फेब्रुवारीत ऊन खिडकीतून तिरकं आलं की मला काही सुचत नाही. इतकी वर्षं झाली, अजूनही नाही.

ट्रॉनहाइमहून आलेल्या लोकांकडून कधीमधी कानावर यायचं. फ्लुरिननं एका शिक्षिकेशी लग्न केलं. दोन मुली. अजून त्याच जुन्या म्हाताऱ्यामागे आहे, वेगळ्याच वाटेनं, आता कुणालाही नको असताना. एक तरुण हसत म्हणाला, “पस्तीस वर्षं एकाच रेणूमागे! वेडाच म्हणायचा.” मी त्याच्या फुटक्या नळीला दोन आठवडे हात लावला नाही.

गेल्या वर्षी माझी नोकरी संपत आली होती. दोन हजार नऊचा नोव्हेंबर. कपाटं आवरत होते. टपालानं एक खोकं आलं, नॉर्वेची तिकिटं लावलेलं. पत्र नव्हतं. भुशात बुचाचं कडं, आणि त्यावर बसवलेला एक छोटा चंबू.

मी तो उजेडात धरला. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. पण काचवाल्याला आपली दुरुस्ती आपल्या अक्षरासारखी ओळखू येते. बुडाशी ती किंचित जाड जागा. माझीच. सव्वीस वर्षांच्या, गाणं गुणगुणणाऱ्या मुलीच्या हातची. चौतीस वर्षं त्यानं तो चंबू जपला होता.

कड्यावर काहीच चिकटवलेलं नव्हतं. चिठ्ठी चंबूच्या गळ्यात होती, दोऱ्यानं, दोन गाठी मारून. पेन्सिलीचं थरथरतं अक्षर.

‘३१. चौदा मिलिग्रॅम. म्हातारा झाला. रिकामा दिसतो, पण नाहीये. धुऊ नकोस.’

मी स्टुलावर बसले आणि रडले. म्हातारी बाई रडते तशी, आवाज न करता, नाक पुसत. रडून झाल्यावर चिठ्ठी उलटवली. म्हातारा झाला की तुला एक विचारायचंय, असं म्हणाला होता तो. मागची बाजू कोरी होती. त्याला काही विचारायचा हक्क उरला नव्हता, आणि मला उत्तर द्यायचा.

चंबू मी खिडकीत ठेवला. ऊन आलं. आतून तो अगदी स्वच्छ, रिकामा दिसत होता.

मग मी टेबलावरची पेन्सिल घेतली, आणि चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘हो’.

पाठवलं नाही. खाली नावेत रुएडी माझी वाट पाहत होता. दिवा मालवला, कोट घातला आणि मी घरी गेले.